सूत्रधाराला सगळं दिसतं

वसमतच्या बसस्टँडामागं, हळदीच्या एका आडतीच्या माडीवर प्रेमानंद खिल्लारेचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पोती, वर प्लायवूडचे आडोसे घालून पाडलेल्या खोक्यांत सहा कॉम्प्युटर. हंगामात जिना चढणाऱ्याच्या नाकातोंडात हळद जायची, कीबोर्डच्या फटींतही पिवळी पूड बसायची. दर रविवारी प्रेमानंद दाढीच्या जुन्या ब्रशनं ती झाडायचा.

दोन हजार एक साली त्याचं लग्न झालं. बायको पल्लवी कळमनुरीची, बारावी झालेली, मोजकं बोलणारी. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका सकाळी पोटात कळा यायला लागल्या. जीप करून तिला नांदेडला नेलं आणि तिथं लेकरू मेलेलंच जन्मलं. प्रेमानंदनं सह्या केल्या, औषधं आणली, बाहेर बाकड्यावर बसून राहिला. लेकरू बघायला त्याला कुणी आत बोलावलं नाही, आणि त्यानंही बघू का म्हणून विचारलं नाही.

घरी आल्यावर त्याची आई जनकाबाई म्हणाली, "आता हा विषय घरात काढायचा न्हाई. बोलत राहिलं की जखम वली राहाती."

घरानं ते ऐकलं. सगळ्यांत जास्त प्रेमानंदनं ऐकलं, कारण त्याला ते सोयीचं होतं.

पल्लवी भाकऱ्या करायची, भांडी घासायची, सासूचे पाय चेपायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. सहा-सात महिने असे गेल्यावर प्रेमानंदला वाटलं, हिला घराबाहेर काढलं पाहिजे. तो तिला क्लासवर घेऊन यायला लागला. ती टायपिंग शिकली, हळूहळू पोरींची बॅच घ्यायला लागली. पण रिकामा वेळ मिळाला की बंद मॉनिटरसमोर बसून राहायची.

खेळाची सीडी प्रेमानंदनं नांदेडहून आणली ती स्वतःसाठी. गेमांची त्याला जुनी आवड. ही गेम मात्र वेगळी निघाली. तीत खेळणारा माणूस नसतो, रक्त पिणारं पिशाच्च असतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल नळी असते, ते त्याच्या अंगातलं रक्त. लढलं, जादू केली की नळी उतरत जाते. पार उतरली की पिशाच्चाचं भान सुटतं. मग खेळणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. पिशाच्च आपल्या मनानं समोर जो असेल त्याच्यावर तुटून पडतं, मग तो आपल्याच टोळीतला का असेना. म्हणून टोळीनं खेळताना एकमेकांच्या नळीवर नजर ठेवायची, आणि कुणाची उतरायला लागली की आपलं रक्त त्याला द्यायचं.

आणि एकानं टोळीत जायचंच नाही. तो सूत्रधार. वाडे, तळघरं, पहारेकरी, राक्षस सगळं त्यानं मांडायचं, दारं उघडायची नि लावायची, भेटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडून बोलायचं. थोडक्यात, गोष्ट त्यानं सांगायची आणि टोळीनं ती जगायची. प्रेमानंदला हे वाचूनच गुदगुल्या झाल्या.

टोळी जमायला फार लांब जावं लागलं नाही. त्याची धाकटी बहीण करुणा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, ती लगेच तयार झाली. दुसरा रामप्रसाद आडे. हा कुरुंद्याकडच्या एका तांड्यावर वस्तीशाळेत मास्तर. कॉम्प्युटरची परीक्षा द्यायला क्लासवर आला, पास झाला, तरी यायचा थांबला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं दुपारपर्यंत हजर. तिसरं माणूस मिळेना, तेव्हा करुणाच म्हणाली, "वैनीला घ्या की."

"तिला काय जमतंय," प्रेमानंद म्हणाला.

"तुमी विचारलं का तिला?"

त्यानं विचारलं नव्हतं. करुणानं पल्लवीला हाताला धरून तीन नंबरच्या मशीनवर बसवलं.

पहिल्या शनिवारी पल्लवी भिंतीला धडकत राहिली. दुसऱ्या शनिवारी तिला पळता यायला लागलं. तिसऱ्या शनिवारी टोळी एका जुन्या मठात शिरली, आणि पहारेकरी दिसताच करुणा नि रामप्रसाद खांबामागं लपले. पल्लवीची ती उंच, केस कापलेली पिशाच्चीण मात्र तलवार उपसून सरळ चौघांच्या मध्ये गेली. चौघे आडवे झाले. आणि प्लायवूडच्या पलीकडून प्रेमानंदला हसू ऐकू आलं. बाईचं, मोकळं, पोटातून आलेलं हसू. कोण हसतंय हे कळायला त्याला एक क्षण लागला. वर्ष-सव्वा वर्षात तो आवाज त्यानं ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून शनिवारची दुपार त्याच्यासाठी आठवड्याचा जीव होऊन बसली. दुपारी एक ते चार वीज असायची आणि क्लासला सुट्टी. आठवडाभर तो वहीत गोष्ट लिहून काढायचा. आंधळा मठाधिपती, विहिरीतला कैदी, नवऱ्याला शोधत फिरणारी म्हातारी. टोळी त्या म्हातारीशी बोलायला लागली की तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून थेट वसमतच्या बाजारातल्यासारखं उत्तर द्यायचा, आणि तिन्ही खोक्यांतून हशा उठायचा. पल्लवी घरीसुद्धा विचारायला लागली होती, "त्या विहिरीतल्या माणसाचं पुढं काय होनार?" तो म्हणायचा, "शनवारी कळंल." अडीच-तीन वर्षांच्या संसारात दोघांमध्ये एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

मग त्याला त्या हिरव्या ओळी दिसल्या.

खेळात बोलायच्या दोन तऱ्हा होत्या. एक सगळ्या टोळीला दिसायची, पांढऱ्या अक्षरांत. दुसरी एकानं एकालाच लिहायची, हिरव्या अक्षरांत. ती तिसऱ्याला दिसत नसे. पण सूत्रधाराच्या पडद्यावर सगळंच उमटायचं, पांढरंही आणि हिरवंही. हे टोळीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. प्रेमानंदलाही आधी ठाऊक नव्हतं.

सुरुवातीच्या ओळी साध्याच होत्या. 'वैनी, डाव्या दारामागं दोघं हायत.' 'सर आज लई राक्षस सोडून राहिले.' प्रेमानंद वाचून हसला. खेळ संपल्यावर सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण मजा म्हणून त्या दिवशी राहिलं, पुढच्या शनिवारीही राहिलं, आणि दोन-तीन शनिवार गेल्यावर सांगणं अवघड होऊन बसलं. इतके दिवस का गप्प बसलात, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर काय देणार.

मे महिन्यातल्या एका शनिवारी टोळी एका पुलावर थांबली होती. करुणा पाणी प्यायला उठली. तेवढ्यात पडद्यावर हिरवी ओळ आली, रामप्रसादची.

'वैनी, मागच्या वेळी तुमी विचारलं होतं, लेकरं किती म्हणून. मी बोललो न्हाई. एक होतं. दोन दिवस जगलं. आमची निर्मला अजून झोपेत पाळन्याची दोरी वढल्यासारखा हात हलवती.'

मग पल्लवीची ओळ आली.

'नाव ठेवलं होतं का?'

'न्हाई. बाराव्याला ठेवनार होतो.'

प्रेमानंदचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले. पलीकडं तिच्या बोटांचा आवाज त्याला ऐकू येत होता, एकेक अक्षर.

'मी ठेवलं होतं. पोटात होती तेव्हाच. मुलगी होती. उत्पला. नर्सनं दाखवली मला, केस होते डोक्यावर. कुणालाच सांगितलं नाही. यांना पण नाही. यांनी विचारलंच नाही.'

करुणा परत येऊन बसली. खेळ पुढं सुरू झाला. सूत्रधारानं त्या दिवशी पुलावर ठेवलेला राक्षस बाहेर काढलाच नाही, टोळी पूल ओलांडून निवांत पलीकडं गेली, आणि करुणा म्हणाली, "दादा, आज फारच सोपं केलं."

मुलगी होती, हे प्रेमानंदला माहीत नव्हतं. 'लेकरू गेलं' एवढंच त्यानं ऐकलं होतं, आणि त्यापुढं एक शब्द विचारण्याची हिंमत त्याला झाली नव्हती. आता नाव कळलं, डोक्यावर केस होते हे कळलं, आणि ते कळलं दुसऱ्याला लिहिलेल्या ओळीतून. सांगितलं गेलं होतं ते रामप्रसादला, बापाला नाही.

आठवडाभर तो ते नाव तोंडात घोळवत राहिला. बुधवारी सकाळी पल्लवी चुलीपाशी बसली होती, जनकाबाई दळणाला गेली होती. तो मुद्दाम मोरीपाशी रेंगाळला. "पल्लवी," तो म्हणाला.

"काय वो?"

"काही न्हाई. चहा ठेव."

रामप्रसादच्या मनात वावगं काही नाही, हे तो जाणून होता. तो पोरगा पल्लवीला वैनी म्हणायचा आणि तसाच वागायचा. उलट, थोडं काळंबेरं असतं तर प्रेमानंदला रागवायला तरी सोपं गेलं असतं. त्याला खुपत होतं ते वेगळंच. जे दार त्यानं कधी ठोठावलंच नव्हतं ते दुसऱ्याला सहज उघडलं होतं, आणि ह्यात दोष आपला हे कळत असूनही त्याच्या रागाला जागा हवी होती. ती त्याला शनिवारी सापडली.

त्या शनिवारी त्यानं टोळीला एका तळघरात उतरवलं. तिघं आत आली आणि त्यानं मागचं दार लावलं. मग पुढचंही लावलं. आणि राक्षस सोडायला सुरुवात केली. आधी चार, मग आठ. सगळ्यांचा रोख रामप्रसादवर.

"दादा, दार उघडंना झालं," करुणा ओरडली.

प्रेमानंदनं आणखी सहा सोडले.

रामप्रसादची नळी उतरायला लागली. पल्लवी धावत त्याच्याजवळ गेली आणि आपलं रक्त त्याला दिलं. नळी भरली, पुन्हा उतरली. तिनं पुन्हा दिलं. प्रेमानंदच्या पडद्यावर तिघांच्याही नळ्या शेजारी शेजारी दिसत होत्या. पल्लवीची अर्ध्यावर आली, पाव झाली. त्याला थांबता येत होतं. एक बटण दाबलं असतं तर सगळे राक्षस नाहीसे झाले असते. बोट त्या बटणापर्यंत गेलंही. आणि त्याच वेळी पल्लवीनं उरलेलं सगळं रक्त रामप्रसादला देऊन टाकलं. ते बघून त्यानं बोट मागं घेतलं आणि आणखी चार सोडले.

करुणाची पिशाच्चीण मेली. "हे काय करून राहिला तुमी?" ती खुर्चीवरून उठत म्हणाली. "असं असतंय का कुठं?"

पल्लवीची नळी रिकामी झाली. पडदा लाल झाला, आणि ती उंच, केस कापलेली पिशाच्चीण गर्रकन वळली. सगळ्यांत जवळ रामप्रसाद होता. पल्लवीनं कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून घेतले होते, तरी तलवार चालतच राहिली. दोन घाव, तीन घाव. ज्याला वाचवायला तिनं सगळं रक्त दिलं तो तिच्याच हातून पडला.

रामप्रसादच्या मशीनवरून एक हिरवी ओळ आली, 'जाऊ द्या वैनी, खेळच हाय.'

पल्लवीनं ती वाचली असेल. ती उठली, प्लायवूडला वळसा घालून प्रेमानंदच्या खोक्यात आली. याआधी ती खेळाच्या वेळी कधी तिथं आली नव्हती, गोष्ट आधीच कळेल म्हणून. आता ती त्याच्या खांद्यामागं उभी राहिली आणि पडद्याकडं बघायला लागली. शेवटची हिरवी ओळ अजून तिथं होती. 'जाऊ द्या वैनी, खेळच हाय.'

"हे तुमाला दिसतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"पयल्यापासून?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. "व्हय," तो म्हणाला.

"मंजी तेबी वाचलं."

त्यानं मान हलवली. तिनं पर्स उचलली, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. करुणा तिच्यामागं पळाली.

रामप्रसादला जागेवरून उठायला वेळ लागला. दारापाशी येऊन तो थांबला. "सर, तुमाला वाटलं असंल तसं काही नव्हतं. माझी बहीणच हाय ती."

"मला तसं वाटलंच न्हाई," प्रेमानंद म्हणाला.

"मग काहून केलं?"

प्रेमानंदनं पडद्याकडं तोंड फिरवलं. रामप्रसादनं थोडी वाट बघितली, मग खाली मान घालून निघून गेला. तो पुन्हा क्लासवर आला नाही.

एकटा उरल्यावर प्रेमानंदनं पडद्यावरच्या ओळी मागं सरकवत नेल्या. लढाईतला आरडाओरडा, करुणाच्या शिव्या, त्याच्याही वर, खेळ सुरू होतानाचं बोलणं. तो राक्षस मांडण्यात गुंतला होता तेव्हा पल्लवीनं रामप्रसादला लिहिलेली एक ओळ तिथं होती. त्यानं ती तेव्हा वाचलीच नव्हती.

'तुम्ही म्हणता तसं करते. आज घरी गेल्यावर यांना सांगते सगळं. भीती वाटते, पण सांगते.'

वीज जाईपर्यंत तो त्या ओळीसमोर बसून होता.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. रात्री जेवणं उरकल्यावर तो म्हणाला, "मी विचारायला पायजे होतं. लई आधी."

पल्लवी चादर घालत होती. "आता नको," ती म्हणाली. "आता मला काईच बोलायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी ती माहेरी कळमनुरीला गेली. जाताना सासूच्या पाया पडली, करुणाला जवळ घेतलं. महिना झाला, दोन झाले. पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला, विहारात वाचन लागलं, शेजारणी जनकाबाईला सून कुठं म्हणून विचारायला लागल्या. प्रेमानंद दोनदा कळमनुरीला जाऊन आला. तिचे वडील त्याला ओसरीवर बसवायचे, पावसापाण्याचं बोलायचे. दुसऱ्या वेळी पल्लवी चहा घेऊन बाहेर आली, आणि वडील उठून आत गेले.

"घरी चल," तो म्हणाला. "क्लासवर यायचं नसंल तर नको येऊस. ती गेम मी काढून टाकली. सीडी मोडून टाकली."

"गेमचा काय दोष," पल्लवी म्हणाली. "मला आवडत होती ती." मग म्हणाली, "तुमी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमी विचारलं न्हाई, वाचलं. आन वाचूनबी माझ्यापाशी आला न्हाईत. मला कोंडलं."

"माझी चूक झाली."

"व्हय. पन आता मी तिथं तोंड उघडलं की मला वाटंल, कुणी तरी मागून बघून राहिलं. असं कसं राहायचं?"

तिनं रिकामा कप उचलला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही चढला नव्हता. त्यामुळंच ती परत येणार नाही हे त्याला कळलं.

दोन हजार सहा साली दोघांच्या संमतीनं फारकतीचे कागद झाले. पल्लवी कळमनुरीतल्याच एका क्लासमध्ये शिकवायला लागली होती. करुणा तिला फोन करायची. वहिनी बोलते, बरी आहे, एवढंच भावाला सांगायची. जनकाबाईनं दुसऱ्या स्थळांचं काढलं. प्रेमानंदनं एकदाच नाही म्हटलं, पण असं म्हटलं की तिनं पुन्हा काढलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात एकदा आई दारात तूर पाखडत बसली होती. तो तिच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "माय, लेकीला कुठं ठेवलं?"

"कुनाच्या लेकीला?"

"माझ्या. उत्पला नाव होतं तिचं."

जनकाबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या अमृतमामानं नेलं होतं. नांदेडहून येताना. मी काही बघितलं न्हाई." आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिला रडताना त्यानं त्या विषयावर पहिल्यांदाच पाहिलं.

अमृतराव त्याचा मामा, आता थकलेला. प्रेमानंद त्याला मोटरसायकलवर मागं बसवून आसना नदीच्या काठी घेऊन गेला. म्हातारा काठी टेकत या बांधावरून त्या बांधावर फिरला. तिथं आता कुणीतरी हळद लावायला सऱ्या पाडून ठेवल्या होत्या, आणि मागच्या पुरात काठाचा बराच भाग खचला होता.

"इथंच कुठंतरी," मामा म्हणाला. "पांढऱ्या फडक्यात होती. मी एक दगड ठेवला होता. दगड गेला वाटतं पान्यात." मग त्यानं भाच्याकडं बघितलं. "तवा तू बाहीर बाकड्यावर बसला होतास. मी तुला म्हननार होतो, चल म्हनून. पन तुझं तोंड बघून म्हनलो न्हाई."

प्रेमानंद तिथं उभा राहिला. काय करावं हे त्याला कळेना. हात जोडले, तीन वेळा त्रिसरण म्हटलं, आणि मग नुसताच उभा राहिला. मामा बाभळीच्या सावलीत जाऊन बसला.

दुसऱ्या आठवड्यात तो कळमनुरीला गेला. घरी नाही, तिच्या क्लासवर, भर दुपारी. पल्लवी पोरींना शिकवत होती. त्याला बघून ती दारापर्यंत आली, पण आत या म्हणाली नाही.

"मी आसनेच्या काठी जाऊन आलो," तो म्हणाला. "मामानं जागा दाखवली. नक्की न्हाई सांगता येत, काठ खचला. पन त्याच अंगाला होती."

पल्लवीनं चौकटीला हात लावला. आतून एका पोरीनं हाक मारली, "मॅडम, सेव्ह होईना."

"आले," पल्लवी म्हणाली, पण हलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सावली हाय का तिथं?"

"एक बाभूळ हाय. सकाळची सावली पडत असंल काठावर."

"बरं."

"तुला यायचं असंल तर मी घेऊन जाईन. न्हाई तर मामा येतील. मी येनार न्हाई पायजे तर."

तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, त्याला कळलं नाही. "मी करुणासंगं जाईन कवातरी," ती म्हणाली. "तिला जागा सांगून ठेवा."

"सांगतो."

"बराबर सांगा," ती म्हणाली, आणि आत वळली. त्या पोरीच्या खुर्चीमागं उभी राहून तिनं वाकून पडद्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात तिला काहीतरी समजावून सांगू लागली.

प्रेमानंद रस्त्यावर आला. वसमतची गाडी लागायला तासभर होता. तो स्टँडवरच्या बाकावर बसला, खिशातून कागद काढला आणि करुणासाठी वाट लिहून काढायला लागला: पूल, पुलाच्या अलीकडची पांदण, तिसरा बांध, बाभूळ. लिहिताना त्याची अक्षरं पुसट होत होती, म्हणून तो मध्ये मध्ये थांबून बाहीनं तोंड पुसत होता. शेजारी बसलेल्या माणसानं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि न विचारता आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली.